हिदेचं शेवटचं पत्र

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला माहेरी गेले होते. चौदा वर्षांचा भाचा सोप्यात पाय पसरून मोबाइलवर फुटबॉलचा गेम खेळत बसला होता. तिथं पोरगं फुटबॉल खेळत बसलं तर कोणी रागवत नाही. आमचं घर पाटाकडील तालमीचं (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे). आजोबांपासून सगळे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर घसा बसेपर्यंत ओरडलेले. खंडोबावाल्यांशी आणि शिवाजी मंडळवाल्यांशी आमचं हाडवैर फक्त सीझनपुरतं, एरवी लग्नाच्या पंगतीत शेजारीशेजारी.

मान वर न करता त्यानं विचारलं, "आत्या, ह्यो नाकाता कोण गं? पासिंग लई भारी हाय ह्याचं."

पडद्यावर निळा जर्सी घातलेला, केस पिवळट रंगवलेला एक माणूस उभा होता. हिदेतोशी नाकाता, जपानचा फुटबॉलपटू. तो निवृत्त झाला तेव्हा हा भाचा जन्मालाही आला नव्हता. आणि आता गेममध्ये हा 'जुन्या जमान्यातला दिग्गज' म्हणून मिळतो, बरेच पॉइंट्स साठवावे लागतात, वर्गातल्या चारपाच पोरांकडे आहे, ह्याच्याकडे कालच आला.

मला सांगता येईना. म्हणजे सांगता आलं असतं, पण कुठून सुरुवात करू? ह्या माणसाला मी मैदानावर पाहण्याच्या आधी वाचलं होतं.

पुण्यात नोकरी करत संध्याकाळच्या क्लासला जपानी शिकत होते तेव्हाची गोष्ट. साल २००२. त्या वर्षीचा विश्वचषक जपान आणि कोरियात होता आणि सामने आपल्याकडे चक्क भरदुपारी लागायचे. आमच्या बाई (त्यांना आम्ही सेन्सेई म्हणायचो, पण त्या सदाशिव पेठेतल्या असल्यामुळे मनातल्या मनात बाईच) म्हणाल्या, पाठ्यपुस्तकातले तानाकासान आणि यामादासान पुरे झाले, जरा जिवंत माणसाचं जपानी वाचा. आणि फळ्यावर लिहून दिलं : नाकाता डॉट नेट.

तासाला वीस रुपये देऊन सायबर कॅफेत बसले. पान उघडलं तर नुसते चौकोन. चौकोनी डबे, मध्येच प्रश्नचिन्ह, मध्येच ग्रीकसारखं काहीतरी. जपानीत ह्या प्रकाराला 'मोजिबाके' म्हणतात. 'बाके' म्हणजे रूप पालटणं, भुतंखेतं पालटतात तसं. अक्षरांना लागलेली भूतबाधा. कॉम्प्युटरवर जपानी फॉन्ट घालायला विंडोजची सीडी लागायची आणि कॅफेचा मालक ती द्यायला तयार नव्हता. "मॅडम, व्हायरस आला तर?" तीन कॅफे हिंडून कर्वे रोडला एक सापडला, तिथं आधीच कोणीतरी फॉन्ट घालून ठेवला होता. मेन्यूतून एन्कोडिंग बदललं, 'शिफ्ट-जिस' निवडलं आणि डबे गळून पडले. समोर वाक्यं आली. एका ओळीला मला पाच मिनिटं लागत होती. त्या तासाभरात मी फार तर अर्धं पान वाचलं असेल. त्यानं काय खाल्लं, प्रवासात काय वाचलं, सराव कसा झाला, असलं काहीतरी होतं.

तो मजकूर 'हिदेज मेल' ह्या सदरातला. हिदे म्हणजे हिदेतोशीचं लाडकं लघुरूप. सदराच्या नावातच पत्र होतं.

आज कोणालाही वाटेल, त्यात काय मोठं? खेळाडू आपापलं लिहितातच. पण हे पान १९९८ साली सुरू झालं होतं. ट्विटर आठ वर्षं दूर होतं. आणि ते सुरू होण्यामागं हौस नव्हती.

१६ नोव्हेंबर १९९७ ला मलेशियातल्या जोहोर बारूला जपान-इराण सामना झाला. जिंकेल तो फ्रान्सच्या विश्वचषकाला जाणार. जपान त्याआधी कधीच विश्वचषकाला गेला नव्हता. जपान ३-२ नं जिंकला. पहिले दोन गोल नाकाताच्या पासवर झाले आणि ज्यादा वेळेतला सुवर्णगोल (तेव्हा तो झाला की सामना तिथंच संपायचा) त्याचाच फटका इराणच्या गोलकीपरकडून परतल्यावर ओकानोनं घसरत जाऊन ढकलला. नाकाता तेव्हा वीस वर्षांचा. यामानाशी प्रांतातला, फूजी डोंगराच्या बाजूचा पोरगा. एका रात्रीत अख्ख्या देशाचा झाला, आणि देशाचा झालेल्या माणसाचं जे होतं ते सुरू झालं.

जपानी पत्रकारितेत 'बुरासागारी' नावाची पद्धत आहे. शब्दशः 'लोंबकळणं'. सामना संपला की बातमीदारांचा घोळका खेळाडूला लोंबकळतो आणि चालता चालता प्रश्न. "आता कसं वाटतंय?" "लोकांना काय सांगाल?" उत्तर ठरलेलं असतं : मी आणखी मेहनत घेईन. नाकाताला ते जमेना. प्रश्न मूर्ख वाटला तर तो गप्प बसायचा किंवा उलट विचारायचा. दुसऱ्या दिवशी छापून यायचं, शिष्ट आहे. त्यात १९९८ च्या सुरुवातीला एका मोठ्या वर्तमानपत्रात राष्ट्रगीताविषयीचं त्याचं बोलणं आलं. रोख असा की, लढायला उतरण्याआधी म्हणायचं हे गाणं नव्हे, मन खाली बसतं. उजव्या गटांनी गदारोळ केला. तो एवढंच शिकला की आपण बोलतो एक आणि छापून येतं दुसरंच. त्यानं जपानी पत्रकारांशी बोलणं जवळजवळ तोडलं आणि आपलं पान उघडलं. मला काय म्हणायचं ते तिथं, माझ्या शब्दांत, ज्याला हवं त्यानं वाचावं.

बरोबर होतं का? त्या वयात मला ते फार थोर वाटलं होतं. आता वाटतं, जरा सोयीचंही होतं. आपल्या पानावर आपल्याला उलट प्रश्न कोण विचारणार? पण त्याची चीड मला पुढं माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात पुरती कळली. मी दुभाषी झाले. चाकणकडच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर मान तिरकी करून, दातांतून हवा ओढून म्हणायचे, "मुझुकाशी देसु ने." अर्थ, अवघड आहे हो. मी तसंच सांगितलं की आमचे साहेब खूश. "अवघड आहे म्हणजे होईल!" आणि त्या बिचाऱ्यांनी तर सरळ 'नाही' म्हटलेलं असायचं. मी 'नाही' सांगितलं तर साहेब म्हणायचे, ते नाही कुठं म्हणाले, तुम्हीच म्हणताय. मधल्या माणसाचं असंच. तो काहीतरी घालतो किंवा काहीतरी सांडतो. नाकातानं मधला माणूसच काढून टाकला.

गंमत अशी की ज्यानं बोलायचं नाकारलं त्याची लोकप्रियता त्यामुळंच वाढली. चार ओळींसाठी लोक रोज पानावर येऊन बघून जायचे. १९९८ च्या विश्वचषकात जपान तिन्ही सामने हरला, पण नाकाताला इटलीतल्या पेरुजाच्या संघानं उचललं. १३ सप्टेंबर १९९८, पहिलाच सामना, समोर युव्हेंटससारखा बलाढ्य संघ, आणि ह्यानं दोन गोल केले. पेरुजा ३-४ नं हरलं, तरी त्या डोंगरमाथ्यावरच्या गावात जपानी पर्यटकांच्या झुंडी येऊ लागल्या. त्या मोसमात त्याचे दहा गोल झाले, मिडफिल्डरसाठी ही भरभक्कम कमाई.

तिथून रोमा. आणि रोमाकडून खेळतानाचा जो सामना आज सगळ्यात जास्त फिरतो, तो ६ मे २००१ चा तुरीनमधला. विजेतेपदाची शर्यत, युव्हेंटस २-० नं पुढं. युरोपीय संघाबाहेरच्या देशांतले खेळाडू किती खेळवायचे ह्याचा इटलीतला नियम नेमका त्याच आठवड्यात सैल झाला होता, म्हणून नाकाता बाकावर तरी होता. प्रशिक्षक कापेल्लोनं बाहेर कोणाला काढावं? तोत्तीला. रोमाच्या देव्हाऱ्यातल्या देवाला. आत आला नाकाता. ७९ व्या मिनिटाला त्यानं लांबून असा फटका मारला की गोलकीपर व्हान डेर सार हवेत आडवा झाला तोवर चेंडू जाळ्यात. मग शेवटच्या क्षणी पुन्हा त्याचा फटका, व्हान डेर सारनं कसाबसा परतवला, मोंतेल्लानं आत घातला. २-२. जून महिन्यात रोमा विजेता झाला.

ही चित्रफीत मी भाच्याला दाखवली. त्यानं ती तीनदा पाहिली. खालच्या प्रतिक्रिया इटालियन, इंडोनेशियन, स्पॅनिश, अरबी, जगभरच्या. इटालियन माणसं अजून 'ग्राझिए हिदे' (आभार, हिदे) लिहितात. बरेचसे लिहिणारे त्या दिवशी पाळण्यात असतील. भाचा म्हणाला, "गेममदी ह्याचा लाँग शॉट एवढा भारी न्हाई दिलाय. अन्याव हाय." आता पाटाकडीलच्या घरातला पोरगा २००१ सालच्या इटलीतल्या अन्यायाबद्दल तावातावानं बोलतोय, हे ऐकून माझे आजोबा किती खूश झाले असते.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली : पार्मा, बोलोन्या, फिओरेन्तिना, मग इंग्लंडात बोल्टन. उतरती भाजणी. मात्र २००२ च्या विश्वचषकात ट्युनिशियाविरुद्ध ओसाकात त्यानं डोक्यानं मारलेला गोल मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, चहा गार होऊ देत पाहिलाय.

आणि मग २००६. जर्मनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान ८४ व्या मिनिटापर्यंत १-० नं पुढं होता आणि सामना संपला तेव्हा १-३ नं हरलेला. क्रोएशियाशी बरोबरी. २२ जूनला डॉर्टमुंडमध्ये ब्राझील. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. मी आवाज बारीक करून टीव्हीसमोर. तामादानं पहिला गोल केला तेव्हा सोफ्यावरून उठलेच, मध्यंतराच्या शिट्टीआधी रोनाल्डोनं बरोबरी केली आणि मग जे व्हायचं ते झालं. १-४. सगळे आत गेले. नाकाता मैदानाच्या मधल्या वर्तुळात पाठीवर पडून राहिला. पाच मिनिटं, सात, दहा. कोणीतरी येऊन वाकून बोललं, तो उठला नाही. मला वाटलं, हरल्याचं दुःख.

३ जुलैला कळलं. नाकाता डॉट नेटवर पत्र आलं. वय वर्षं २९. देशासाठी ७७ सामने, ११ गोल, आणि आता बस्स. पत्रकार परिषद नाही, हार नाहीत, निरोपाचा सामना नाही. देशातल्या सगळ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना त्याच पानावर जाऊन वाचून घ्यावं लागलं. आठ वर्षांपूर्वी सुरू झालेलं भांडण तिथं संपलं आणि जिंकलं कोण, हे वेगळं सांगायला नको.

सेन्सेईंनी त्या आठवड्यात पत्राची छापील प्रत वर्गात वाटली. मथळा होता : आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य. वर्गातल्या एका आगाऊ मुलानं "हे रिक्षाच्या मागं लिहिलेलं असतं" म्हटलं आणि सगळे हसले. मथळा भाबडाच होता. पण खाली उतरलं की पत्र जमिनीवर येतं. आठ वर्षांचा असताना, हिवाळ्यात, यामानाशीतल्या एका लहानशा शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातून हा प्रवास सुरू झाला, असं तो सांगतो. निवृत्तीचं सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं, हेही सांगतो. आणि एक कबुली देतो : व्यावसायिक झाल्यापासून कोणी 'फुटबॉल आवडतो का?' विचारलं तर सरळ 'हो' म्हणवत नव्हतं.

मी भाषांतराला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. तो शब्द होता 'ओरे'. अर्थ 'मी'. जपानीत 'मी' अनेक. चारचौघांत 'वाताशी', जरा नम्र मुलगा असेल तर 'बोकु', आणि मित्रांत, घरात, अंगावर बनियन असताना 'ओरे'. एवढ्या मोठ्या दिवशी, सगळा देश वाचणार हे माहीत असताना, ह्या माणसानं 'ओरे' लिहिलं होतं. मराठीत मामलेदारही 'मी' आणि हमालही 'मी'. मग मला आपल्या पोरांचं 'आपण' आठवलं, "आपण नाय येणार, आपल्याला नाय जमत" मधलं. तसं करून पाहिलं : "आपण आठ वर्षांचे असताना आपण हा प्रवास सुरू केला." नाकाता एकदम कट्ट्यावरचा भाई झाला. सेन्सेईंनी वहीवर लाल रेघ मारली. मी निमूट 'मी' लिहिला, पण त्या 'मी'ला अंगात सदरा घातल्यासारखं झालं.

त्या पत्रातलं दुसरं एक वाक्य जपानी इंटरनेटनं पकडलं. व्यावसायिक फुटबॉल नावाच्या प्रवासातून 'उत्तीर्ण' होऊन तो 'नव्या स्वतःच्या' शोधाच्या प्रवासाला निघणार होता. झालं. 'जिबुन-सागाशी', स्वतःचा शोध, हा शब्द त्याला कायमचा चिकटला. जपानी नेटकऱ्यांनी त्याला नाव दिलं, 'ताबिबितो', म्हणजे प्रवासी, वाटसरू. प्रेमानं नव्हे. कुठल्या बाजारात, कुठल्या समारंभात तो दिसला की लगेच : सापडलात का हो अजून स्वतःला? आपल्याकडे स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाला कोणी हसत नाही, फार तर पायावर डोकं ठेवतात. तिकडं २९ व्या वर्षी चांगली नोकरी सोडणाऱ्याला हसतात. (इकडंही हसतात खरं तर, फक्त तो घरातला असला तर.)

ह्या थट्टेला त्यानं उत्तर दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. तो हिंडत राहिला. आधी जग. मग २००९ पासून जपान, ओकिनावापासून सुरुवात करून सत्तेचाळीसही प्रांत, सहाएक वर्षं. कुंभार, विणकर, शेतकरी आणि मुख्य म्हणजे साके, तांदळाची दारू, गाळणारे. म्हणे, आपला देश बाहेरच्यांनी विचारला की आपल्यालाच सांगता येत नाही. त्यातून २०१५ साली त्यानं साकेची कंपनी काढली. तिनं काढलेल्या एका अ‍ॅपनं मी हसले. परदेशी माणसाला साकेच्या बाटलीवरची कांजी (जपानी चित्राक्षरं) वाचता येत नाहीत, म्हणून लेबल कॅमेऱ्यासमोर धरायचं, अ‍ॅप सांगतं, ही कुठली, कोणी गाळली. म्हणजे ज्यानं मधल्या माणसाला हाकललं, तो शेवटी स्वतःच मधला माणूस झाला. माझ्या धंद्यात आला!

मला त्याच्या ऑनलाइन लोकप्रियतेचं कोडं ह्यासाठी वाटतं की आजच्या हिशेबात ती बसत नाही. आजचा हिशेब काय, तर बोलत राहा. नाकातानंतरच्या पिढीतल्या जपानी फुटबॉलपटूचं, केइसुके होंदाचं बघा. २०२२ च्या विश्वचषकात तो इंटरनेटवर समालोचनाला बसला आणि मैदानातल्या खेळाडूंइतकाच गाजला. पोरांना अदबीनं 'सान' लावत होता, वैतागत होता. जर्मनीविरुद्ध जपान २-१ नं पुढं असताना पंचांनी सात मिनिटं वाढवली तेव्हा "सात मिनिटं?!" असा ओरडला की तोच त्या रात्रीचा शब्द झाला. मीही ओरडले होते, घरी. होंदा मला मनापासून आवडतो. शेजारी बसलेला थोरला भाऊ जसा. नाकाता कधीच शेजारी बसला नाही. त्याचं पान खिडकी होती, दार नव्हतं. आणि आता तर खिडकीतही तो क्वचित दिसतो, दिसला तर तांदूळ आणि पाणी आणि मातीची भांडी ह्यांबद्दल बोलतो. त्याच्या जुन्या फटक्यांच्या फिती दुसरेच लोक वर चढवतात. त्याच्या नावानं गेममध्ये पळतो तो दुसऱ्यांनीच बनवलेला बाहुला. ज्या माणसाला आपल्या तोंडी दुसऱ्याचे शब्द नको होते, त्याच्या पायांत आता कोल्हापूरचा चौदा वर्षांचा पोरगा अंगठ्यानं पास घालतो.

पुण्याला परतल्यावर माळ्यावरची ती जुनी वही काढली. लाल रेघांसकट. भाच्यासाठी म्हणून पत्र पुन्हा नव्यानं भाषांतर करायला घेतलं. आता ओळीला पाच मिनिटं लागत नाहीत. उलट फार भराभर कळतं आणि मग थांबावं लागतं. 'उत्तीर्ण होऊन' लिहिलं होतं ते खोडलं. जपानीत शाळा सुटते तेव्हाचा शब्द आहे तो, पण परीक्षेचा त्यात काही संबंध नाही. 'शाळा सुटली' एवढंच. तसंच ठेवलं : फुटबॉलची शाळा सुटली. 'ओरे'चा 'मी' तसाच राहिला, इलाज नाही. फक्त बाकीची वाक्यं जरा घरातल्यासारखी केली.

शेवटाकडे एक वाक्य आहे, ते वीस वर्षांपूर्वी मी नुसतं ओलांडून गेले होते. व्यावसायिक म्हणून मी पुन्हा कधी मैदानात दिसणार नाही, तो म्हणतो, पण फुटबॉल सोडणार नाही. प्रवासात कुठल्याशा बोळात, गवतात, लहानशा मैदानावर, कोणाशी तरी शब्दांची देवघेव करण्याऐवजी चेंडूला लाथ मारीन. त्याखाली सगळ्यांना मनापासून एकच शब्द, 'आरिगातो', आणि सही, नुसतं 'हिदे'. मी आधी 'धन्यवाद' लिहिलं, ते आभारप्रदर्शनाच्या भाषणासारखं दिसायला लागलं. 'आभारी आहे' लिहिलं. तेही पटलं नाही. शेवटी 'आरिगातो' तसंच ठेवलं, विचारील तर सांगू.

फोटो काढून भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, सहा पानं. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि दोन दिवस काहीच नाही. म्हटलं, वाचलं नसणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक व्हिडिओ आला. नऊ सेकंदांचा. आमच्या बोळात एक बारकं पोरगं भिंतीपाशी उभं, भाचा ह्या टोकाला. मान वर करून एकदा बघतो आणि बाहेरच्या पायानं लांब, वळता पास देतो. चेंडू छान उठतो, पोराच्या डोक्यावरून जातो, आणि कांबळे काकूंच्या अंगणात पत्र्यावर धाडकन आपटतो.

खाली काही लिहिलेलं नव्हतं.